जी-सूट आणि दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"जी" म्हणजे काय? त्याने वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी का येते?

जमिनीवर उभे असताना आपल्यावर १ जी इतका भार असतो. विमान वेगात असताना वैमानिकाने स्टिक (विमान वळवायचा हातातला दांडा) जोरात मागे ओढली, की विमान वळतं आणि भार वाढतो. ५ जीला ७५ किलोचा माणूस ३७५ किलोचा होतो. हात मांडीवरून उचलवत नाही, हेल्मेटसकट डोकं छातीकडे झुकतं. पण खरा घोटाळा होतो तो रक्ताचं वजन वाढल्याने. जी-सूट म्हणजे हा घोटाळा रोखायला पाय आणि पोट आवळून धरणारा पोशाख.

हिशोब सोपा आहे. बसलेल्या माणसाच्या हृदयापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर साधारण ३० सेंटिमीटर असतं. एवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभामुळे प्रत्येक जीमागे डोळ्यांच्या पातळीवरचा रक्तदाब सुमारे २२ मिलिमीटरने घटतो. हृदयापाशी १२० धरला, तर १ जीला डोळ्यांपाशी ९८ उरतो, ४ जीला ३२ आणि ५ जीला जेमतेम १०. डोळ्याच्या गोळ्यात आतून १५ ते २० मिलिमीटरचा स्वतःचा दाब असतो. रक्ताचा दाब त्याच्याही खाली गेला, की पडद्यापर्यंत रक्त पोचत नाही. मेंदूला मात्र अजून थोडं मिळत असतं.

म्हणून क्रम ठरलेला असतो. आधी रंग फिके पडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, नळीतून पाहिल्यासारखं दृश्य उरतं आणि शेवटी पूर्ण अंधार होतो. त्या अंधारातही वैमानिक शुद्धीवर असतो, रेडिओ ऐकू शकतो. भार तसाच राहिला तर शुद्ध हरपते. सैलावून बसलेल्या माणसाला साधारण साडेतीन-चार जीला फिकं दिसू लागतं, साडेचार-पाचला अंधारी येते आणि त्याच्या थोडं पुढे भोवळ. माणसागणिक हे आकडे बदलतात. आदल्या रात्रीचं जागरण, रिकामं पोट, उष्मा आणि अंगातलं कमी पाणी यांनी ते खाली येतात.

युद्धाआधी हे कोणाला माहीत होतं का?

होतं. १९२०च्या दशकात शर्यतीच्या विमानांचे वैमानिक खांबाला वळसा घालताना आंधळे होत. अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी १९२४ मध्ये भारमापक लावलेल्या विमानात ७.८ जीपर्यंतची नोंद केली. अमेरिकी नौदलातले डॉक्टर जॉन पॉपेन १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पोटावर फुगणाऱ्या पट्ट्याचे प्रयोग करत होते. जर्मनांनी तर सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या युंकर्स-८७ स्टुका विमानात बॉम्ब सुटताच विमान आपोआप सुरातून वर काढणारी यंत्रणा बसवली होती. वैमानिकाला अंधारी येणार, हे तिथे गृहीतच धरलं होतं.

सूट नव्हता तेव्हा वैमानिक काय करत?

अंग आवळत, पुढे वाकत, ओरडत. पुढे वाकल्याने हृदय आणि डोळे यांच्यातलं उभं अंतर कमी होतं. विमानाच्या रचनेनेही थोडी मदत व्हायची. जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ मध्ये वैमानिक मागे रेलून, पाय पुढे पसरून बसे. त्यामुळे त्याला जी सोसायला सोपं जाई. ब्रिटिशांच्या स्पिटफायरमध्ये पायांच्या पॅडलना दोन पायऱ्या होत्या. झटापट सुरू झाली की पाय वरच्या, सुमारे १५ सेंटिमीटर उंच असलेल्या पायरीवर घ्यायचे. पाय जितके वर, तितकं त्यात कमी रक्त साचतं. स्पिटफायरची ही युक्ती फुकटची होती आणि विमानात कुठलाही मोठा बदल न करता मिळाली होती, याचं महत्त्व पुढच्या सगळ्या सूटांच्या चर्चेत विसरलं जातं.

पहिला चालू सूट कोणी बनवला?

टोरांटो विद्यापीठातल्या विल्बर फ्रँक्स यांनी. ते मुळात कर्करोगावर काम करत. सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून भार वाढवणाऱ्या यंत्रात) काचेच्या नळ्या फुटत, पण नळी पाण्यात तरंगत ठेवली की टिके, हे त्यांनी पाहिलं होतं. तोच विचार त्यांनी सजीवावर लावला. पाण्याने भरलेल्या रबरी पिशवीत मानेपर्यंत बुडवलेले उंदीर १०० जीच्या पुढेही जगले. इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९४० मध्ये फ्रँक्स यांनी पहिला सूट स्वतःच्या अंगावर चढवून विमानात चाचणी घेतली. १९४१ मध्ये टोरांटोत माणसांना फिरवणारं सेंट्रिफ्यूज उभं राहिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडला जाताना न्यूफाउंडलंडमध्ये झालेल्या विमान अपघातात बँटिंग गेले.

फ्रँक्स यांचा सूट दुहेरी थराचा होता. आत पाण्याच्या रबरी पिशव्या, बाहेर न ताणणारं कापड आणि ते अंगाबरोबर आवळायला नाड्या. जी वाढला की रक्ताचं वजन वाढतं, तसंच पिशवीतल्या पाण्याचंही. पोटरीपाशी पाण्याची उंची सर्वांत जास्त, म्हणून दाबही तिथे सर्वांत जास्त, आणि नेमका तोच हवा असतो. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, विमानाशी नळीने जोडणं नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यापेक्षा नेटकं काही सुचणं अवघड आहे.

मग पाण्याचा सूट मागे का पडला?

प्रत्यक्ष लढाईत तो प्रथम नोव्हेंबर १९४२ मध्ये वापरला गेला. उत्तर आफ्रिकेत ओरानजवळ दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावर उतरलं त्या वेळी ब्रिटिश नौदलाच्या ८०७ स्क्वॉड्रनच्या सीफायर (स्पिटफायरचं नौदलातलं रूप) वैमानिकांनी तो घातला होता. अंधारी टळत होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रारी होत्या त्या बाकीच्या वेळेबद्दल.

लढाऊ वैमानिक तासाभराच्या उड्डाणात जी सोसतो ती मिनिटं मोजकी असतात. उरलेला वेळ तो मान आणि धड वळवून मागचं आकाश पाहतो. पाण्याने भरलेल्या, नाड्यांनी आवळलेल्या सूटमध्ये धड वळत नाही, आणि ज्याला मागे पाहता येत नाही त्याला मागून गोळी लागते. शिवाय जमिनीवर तयारीत बसून राहायचं तर तो उकडतो, उंचीवर पाणी गार पडतं, आणि प्रत्येकाच्या मापाचा वेगळा शिवावा लागतो. सैल बसला की पिशवी बाहेरच्या बाजूला फुगते आणि दाब अंगावर येण्याऐवजी वाया जातो. ब्रिटिशांनी हा सूट बराच काळ गुपित म्हणून राखून ठेवला, आणि तोवर अमेरिकेत हवेचा सूट तयार झाला.

हवेच्या सूटचे भाग कोणते आणि ते कसे चालतात?

रबरी पिशव्या, त्यांना आवळून धरणारं न ताणणारं कापड, एक नळी आणि विमानातला व्हॉल्व्ह. एवढंच.

अमेरिकी लष्करी हवाई दलाचा जी-१ हा पहिला नमुना बराच किचकट होता. १७ पिशव्या, घोट्यापासून पोटापर्यंत तीन वेगवेगळे दाब आणि वजन साडेचार किलोच्या आसपास. मिनेसोटातल्या रॉचेस्टर इथल्या मेयो क्लिनिकमध्ये १९४२ पासून सेंट्रिफ्यूजवर अर्ल वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, त्यातून एक मोलाची गोष्ट कळली: तीन दाबांची गरज नाही. पोट, दोन मांड्या आणि दोन पोटऱ्या अशा पाच पिशव्यांत एकच दाब दिला तरी जवळजवळ तितकाच फायदा होतो. त्यातून १९४४ मध्ये जी-२ आला, वजन निम्म्याहून कमी. मग जी-३. त्यात गुडघे, जांघ आणि नितंबांवरचं कापड कापून टाकलेलं, वजन दीड किलोच्या आत. नौदलाचा झेड-३ हा त्याचाच भाऊ. हे सूट शिवले ते स्त्रियांची अंतर्वस्त्रं आणि आवळपट्टे शिवणाऱ्या कारखान्यांनी. त्यात न्यू हेवनचे बर्गर ब्रदर्स आणि वूस्टरचे डेव्हिड क्लार्क ही नावं प्रमुख. अंगाला घट्ट बसेल पण काचणार नाही असं कापड कसं बेतायचं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

हवा कुठून आणायची? इंजिनावर आधीच एक पोकळी-पंप असे. जायरोस्कोपवर चालणारी उपकरणं फिरवायला तो हवा ओढायचा. त्याच्या बाहेर टाकणाऱ्या बाजूची हवा वाया जात होती, तीच सूटला दिली. या पंपाला इंजिनाचं तेल लागतं, त्यामुळे बाहेर येणाऱ्या हवेत तेलाचा धूर असतो. वाटेत तेल वेगळं करणारी बाटली बसवली नाही, किंवा ती वेळेवर रिकामी केली नाही, तर तेल पिशवीत उतरतं आणि रबर चिकट होऊन फुटतं. पी-५१ मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानात पंपाची हीच हवा पंखाखालच्या, हवेत सोडून देता येणाऱ्या इंधनाच्या टाक्यांमध्ये दाब द्यायलाही वापरत. म्हणून सूट नीट फुगत नाही अशी तक्रार आली, की आधी ही जोडणी आणि तेलाची बाटली तपासणं शहाणपणाचं.

व्हॉल्व्ह नेमकं काय करतो?

त्यात स्प्रिंगवर एक वजन असतं. साधारण २ जीपर्यंत स्प्रिंग ते तोलून धरते. भार वाढला की वजन खाली बसतं, हवेची वाट उघडते. सूटमधला दाब वाढला की तो वजनाला उलटा वर रेटतो आणि वाट बंद होते. त्यामुळे प्रत्येक वाढीव जीमागे दर चौरस इंचाला साधारण एक पौंड दाब मिळतो. जी उतरला की वजन वर येतं आणि हवा कॉकपिटमध्ये सुटते.

बिजागर नाही, वीज नाही. पण व्हॉल्व्ह सरळ उभाच बसला पाहिजे. तिरका बसवला तर वजन बाजूच्या भिंतीला घासतं आणि सूट उशिरा फुगतो.

सूट घालताना काय पाहायचं?

आधी नाड्यांनी माप बसवून ठेवायचं. ते एकदाच, सवडीने. रोज फक्त झिप. पोटाची पिशवी शेवटच्या बरगडीच्या खाली आणि कंबरेच्या हाडाच्या वर यायला हवी. ती बरगड्यांवर सरकली तर फुगल्यावर श्वास कोंडतो, आणि वैमानिकाला वाटतं की सूटच वाईट आहे. पोटरीची पिशवी पोटरीच्या फुगीर भागावर हवी, गुडघ्यामागे नको. खिशात नकाशे, चाकू, डबी ठेवली असेल तर ती पिशवीखाली येत नाही ना, हे पाहायचं, कारण भाराखाली ती मांसात रुतते.

मग डाव्या बाजूची नळी आसनाजवळच्या जोडणीत घालायची. जोडणी खेचताच सुटणारी असते, पॅराशूटने उडी मारताना नळीने अडकून पडू नये म्हणून. अडचण अशी, की लढाईच्या गडबडीत मागे वळताना तीच सुटून येते. उड्डाणानंतर सुरक्षित उंचीवर एक घट्ट वळण घेऊन पोटऱ्या आणि पोट एकाच वेळी आवळले जातात का, हे पाहायचं. एकच पाय आवळला तर नळी पिळली आहे किंवा पिशवी गळते आहे.

प्रत्यक्षात फायदा किती झाला?

सूटने अंधारीची सीमा साधारण १ ते दीड जीने वर सरकली. ऐकायला फार वाटत नाही. पण ताशी सुमारे ६५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १८० मीटर वेगाने आडवं वळणारं विमान घ्या. ५ जीला वळणाची त्रिज्या सुमारे ६७० मीटर येते आणि अर्धं वर्तुळ फिरायला पावणेबारा सेकंद लागतात. साडेसहा जीला त्रिज्या ५१५ मीटर आणि वेळ ९ सेकंद. शेपटीला लागलेल्या विमानासाठी हे पावणेतीन सेकंद म्हणजे गोळ्यांची एक लांब झड. अर्थात इतका भार धरून ठेवायला त्या काळच्या इंजिनांत दम नव्हता. वेग किंवा उंची गमवावीच लागे.

दुसरा फायदा आकड्यांत येत नाही. वळणाच्या शेवटी वैमानिकाला दिसत असे. दोघेही ५ जीत आहेत, एकाला समोरचं विमान दिसतंय आणि दुसऱ्याला राखाडी धुकं, तर निकाल तिथेच लागतो. तिसरा फायदा थकव्याचा. लंडनजवळून बर्लिनला जाऊन येण्याच्या सहा-सात तासांच्या मोहिमेनंतर सूट घातलेला माणूस कमी पिळवटलेला परते.

सूट असला की अंग आवळायची गरज नाही, हे खरं का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. पंपाची ताकद मर्यादित असल्याने सूट पूर्ण फुगायला सेकंद-दोन सेकंद जातात. शरीराची स्वतःची रक्तदाब सावरण्याची यंत्रणा त्याहून सावकाश जागी होते. स्टिक झटक्यात ओढली तर भार सूटच्या आधी पोचतो. डोळे आणि मेंदूत काही सेकंदांपुरता ऑक्सिजन शिल्लक असतो म्हणून लगेच काही जाणवत नाही, आणि मग थेट शुद्धच जाते.

मेयो क्लिनिकने शिकवलेला एम-१ प्रकार असा: भार येण्याआधी पाय आणि पोट कडक करायचं, खांदे थोडे पुढे, घसा अर्धवट आवळून हवा हळूहळू, कण्हल्यासारखी तीन ते पाच सेकंद सोडायची, झटकन श्वास घ्यायचा आणि पुन्हा तेच. श्वास पूर्ण कोंडून धरायचा नाही. त्याने छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्तच अडतं.

विमानांवर काय परिणाम झाला?

इथे खरी गोष्ट आहे. सूट येण्याआधी वैमानिकाचे डोळे हे विमानाचं फ्यूज होतं. पंख वाकण्याआधी त्याला अंधारी येई, हात सैल पडे आणि भार उतरे. सूटने ते फ्यूज काढून टाकलं. आता साखळीतली सर्वांत कच्ची कडी माणूस राहिला नाही, ती सांगाड्याकडे गेली.

मस्टँगचा हिशोब पाहा. पी-५१ची रचना ८,००० पौंड वजनाला ८ जी धरून केली होती. मोडण्याची मर्यादा त्याच्या दीडपट, म्हणजे १२ जी. पण पंखाला वजन आणि जी यांचा गुणाकार कळतो, नुसता जी नाही. बंदुका, टाक्या, चिलखत वाढत जाऊन लढाईत विमान १०,००० पौंडांच्या आसपास गेलं. मग ६४,००० भागिले १०,०००, म्हणजे सुरक्षित मर्यादा ६.४ जी. हा आकडा बरोबर तिथे येतो जिथे सूट घातलेला वैमानिक अजून शांतपणे समोर पाहत असतो.

त्यात भर पडली पाठीमागच्या टाकीची. आसनामागे ८५ गॅलनची टाकी बसवल्यावर ती भरलेली असताना गुरुत्वमध्य मागे सरकायचा. मग वळणात स्टिक ओढावी लागण्याऐवजी आपोआप हातात यायची, आणि वैमानिकाला ती पुढे ढकलून धरावी लागे. ५ जी हवे होते, ८ मिळाले, असं होण्याला हे कारण पुरेसं होतं. उपाय दोन. एलेव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या झडपेच्या) जोडणीत ९ किलोचं वजन टांगलं, जे भाराखाली स्टिकला पुढे ओढतं. आणि शिस्त अशी, की उड्डाणानंतर आधी हीच टाकी उपसायची. तिच्यात ४० गॅलनहून जास्त इंधन असताना कसरती करायच्या नाहीत.

परतलेल्या विमानांवर मेकॅनिकांना दिसायचं ते असं: पंखाच्या वरच्या पत्र्यावर तिरक्या सुरकुत्या, पंखाच्या बुडापाशी डोकी उडालेले किंवा सैल झालेले रिव्हेट, बंदुकांच्या कप्प्याच्या झाकणांचे उचकटलेले बंद. वरच्या पत्र्यावर सुरकुती पडते कारण भाराखाली पंख वर वाकतो आणि वरची बाजू दाबली जाते. भार उतरल्यावर नाहीशी होणारी सुरकुती चालते. जमिनीवर उभ्या विमानात ती बोटाला लागत असेल, तर आतला सांगाडा कायमचा वाकला आहे, आणि पंख उघडून पाहिल्याशिवाय विमान सोडायचं नाही. काही मस्टँगमध्ये भाराखाली चाकांचे दरवाजे निसटत आणि वेगात हवेने पंखच ओरबाडला जाई. थंडरबोल्ट या दुसऱ्या अमेरिकी लढाऊ विमानाचा सांगाडा जास्त दणकट असल्याने त्याला हा त्रास कमी झाला.

बंदुका अडकण्याचा सूटशी काय संबंध?

अंधारी येत नसल्याने वैमानिक वळणातच गोळ्या झाडू लागले. मस्टँगच्या पी-५१बी आणि सी या मॉडेलांच्या पातळ पंखात बंदुका आडव्या कलवून बसवल्या होत्या, त्यामुळे काडतुसांचा पट्टा बंदुकीत शिरताना पिळला जाई. ५-६ जीला तोच पट्टा पाच-सहापट जड होतो, बंदुकीला तो ओढवत नाही आणि ती बंद पडते. तळांवरच्या मेकॅनिकांनी बी-२६ बॉम्बफेकी विमानातल्या, पट्टा पुढे ढकलणाऱ्या विजेच्या मोटरी काढून मस्टँगमध्ये बसवल्या. डी मॉडेलमध्ये बंदुका सरळ उभ्या केल्यावर हे दुखणं गेलं. त्याच काळात जायरो गनसाइट आली. वळणात किती पुढे नेम धरायचा हे ती स्वतः दाखवायची, पण ठिपक्याकडे पाहायला डोळे तर हवेत. सूट आणि ही साइट यांनी एकमेकींची किंमत वाढवली.

उलट्या भारात सूट उपयोगी पडतो का?

नाही. स्टिक पुढे ढकलल्यावर रक्त डोक्याकडे धावतं. तेव्हा पाय आवळून काहीच साधत नाही. व्हॉल्व्हही बंदच राहतो.

इतर देशांकडे काय होतं?

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या फ्रँक कॉटन यांनी हवेचा, पायाकडे जास्त आणि वर कमी दाब देणारा सूट बनवला. तो मर्यादित प्रमाणात स्पिटफायरमध्ये वापरला गेला. जर्मन संशोधकांकडे सेंट्रिफ्यूज अमेरिकनांच्या आधीपासून होतं, पण त्यांचा भर बसण्याच्या आणि पालथं झोपून उडवण्याच्या पद्धतीवर राहिला. पुढे कोरियाच्या युद्धात अमेरिकी सेबर जेट उडवणाऱ्यांकडे जी-सूट होते, सोव्हिएत बनावटीच्या मिग-१५ जेटच्या सुरुवातीच्या वैमानिकांकडे नव्हते.

भारतीय वैमानिकांनी तेव्हा जी-सूट वापरले का?

नाही. १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेश आघाडीवर ७ आणि ८ क्रमांकाच्या भारतीय स्क्वॉड्रन व्हेंजन्स ही सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं उडवत. त्या विमानाचा पंख मुद्दाम उभ्या सुरासाठी बेतलेला होता, म्हणजे सूर मारताना ते नाकासमोर सरळ खाली जाई आणि वर काढताना वैमानिक व मागचा गनर दोघांवरही सगळा भार येई. त्यांच्याजवळ अंग आवळणं आणि सवय एवढंच होतं. आज बंगळुरूच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत सेंट्रिफ्यूजवर लढाऊ वैमानिकांना हाच श्वास आणि हीच आवळण शिकवतात, आणि नाशिकजवळ ओझरला तयार झालेल्या सुखोईत बसताना ते जो सूट चढवतात, त्यात पिशव्या अजूनही पोट, मांड्या आणि पोटऱ्यांवरच असतात.